वाचकांचे प्रश्न : चिकानो, लॅटिनो आणि घरावरून सरकलेली सीमा

मागच्या अंकात अमेरिकेतल्या लॅटिनो लोकांवर आम्ही एक छोटं टिपण छापलं होतं, त्यात अमेरिका आणि मेक्सिकोतल्या १८४८ च्या तहाचा एका ओळीत उल्लेख होता आणि तिथूनच प्रश्नांना सुरुवात झाली. पत्रं आली, मेल आले, व्हॉइस नोट्सपण आल्या. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे आवरून घेतलेत. उत्तरं मात्र आवरलेली नाहीत, कारण या लोकांबद्दल आपल्याकडे जे काही छापून येतं ते बहुतेक वेळा भिंत, व्हिसा आणि निवडणूक एवढ्यावरच संपतं.

प्रश्न : माझी मुलगी टेक्सासमध्ये शिकते. तिची एक मैत्रीण सांगते की आमचं घराणं अमेरिकेत आलंच नाही, अमेरिकाच आमच्याकडे आली. हे नुसतं बोलायला छान आहे की खरंच तसं आहे? — एक आई

खरंच तसं आहे, आणि टेक्सासमधल्या जुन्या घराण्यांच्या बाबतीत तर शब्दशः. १८३६ पर्यंत टेक्सास मेक्सिकोचा भाग होता, मग तिथे जाऊन स्थायिक झालेल्या अमेरिकनांनी बंड करून वेगळा देश जाहीर केला (त्या बंडात काही टेहानो म्हणजे तिथले मूळचे मेक्सिकनही सामील होते हे विसरू नका), १८४५ मध्ये अमेरिकेने टेक्सास आपल्यात घेतलं, १८४६ मध्ये युद्ध सुरू झालं आणि २ फेब्रुवारी १८४८ ला मेक्सिको सिटीजवळच्या ग्वादालूपे इदाल्गो गावात तह झाला. टेक्सास धरून मेक्सिकोची जवळजवळ अर्धी जमीन गेली. आजचं कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोचा बहुतेक भाग, कोलोरॅडो आणि वायोमिंगचे तुकडे, हे सगळं त्यात आलं. बदल्यात मेक्सिकोला मिळाले दीड कोटी डॉलर. आणि योगायोग बघा, तहावर सह्या व्हायच्या नऊच दिवस आधी कॅलिफोर्नियात सोनं सापडलं होतं, फक्त ती बातमी तहाच्या टेबलापर्यंत पोचलेली नव्हती.

त्या जमिनीवर तेव्हा अंदाजे ८०,००० ते १ लाख मेक्सिकन नागरिक राहत होते. तहात त्यांना एक वर्ष दिलं होतं, मेक्सिकन राहायचं की अमेरिकन व्हायचं ते ठरवायला, आणि जो काहीच बोलणार नाही तो आपोआप अमेरिकन. बहुतेक जण आपल्या घरात, आपल्या शेतावर, होते तिथेच राहिले. म्हणजे माणूस जागचा हलला नाही आणि देश बदलला.

आता खरी मेख जमिनीची. मूळ मसुद्यात दहावं कलम होतं, मेक्सिकन सरकारने दिलेल्या जमिनींचे हक्क अमेरिका मानेल असं सांगणारं. अमेरिकन सिनेटने ते कलमच काढून टाकलं. नंतर १८५१ मध्ये कॅलिफोर्नियासाठी कायदा आला की जमीनमालकांनी आपली मालकी एका आयोगापुढे स्वतः सिद्ध करायची. ज्या जमिनीची हद्द 'त्या ओकच्या झाडापासून त्या ओढ्यापर्यंत' अशी नोंदलेली, ती इंग्रजी बोलणाऱ्या कोर्टात सिद्ध करायची, वकील लावायचा, अपिलं लढायची. एक दावा पूर्ण निकाली लागायला सरासरी १७ वर्षं लागली. बरेच जण शेवटी जिंकले सुद्धा, पण तोपर्यंत वकिलाची फी, कर आणि कर्जाचं व्याज यात जमीनच विकली गेलेली. न्यू मेक्सिकोत गावाच्या सामाईक जमिनी, म्हणजे गायरान, सरपण, डोंगर, अशाच हातून निसटल्या. ती आठवण किती ताजी राहिली याचा पुरावा म्हणजे १९६७ साली टिएरा अमारिया या छोट्या गावात रेयेस लोपेस तिहेरिना आणि त्याच्या माणसांनी याच जमिनींच्या वादातून बंदुका घेऊन थेट कोर्टाच्या इमारतीवर धडक मारली. तो मार्ग बरोबर नव्हता असं आमचं मत, पण ११९ वर्षांनंतर लोक तहाची कलमं हातात घेऊन भांडत होते हे नाकारता येत नाही.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक म्हणजे आजच्या बहुतेक मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांचे पूर्वज १८४८ नंतरच आले, कोणी मेक्सिकोतल्या १९१० च्या क्रांतीत जीव वाचवून, कोणी रेल्वेच्या आणि कापसाच्या कामावर, कोणी अगदी अलीकडे. आणि दुसरं, मेक्सिकोच्याही आधी ती भूमी पुएब्लो, नाव्हाहो, अपाची, कोमान्ची अशा कितीतरी मूळनिवासी लोकांची होती. स्पॅनिश आणि मेक्सिकन राजवटीने त्यांच्याशी काही गोडीगुलाबीने वागून जमीन मिळवली नव्हती. मैत्रिणीचं वाक्य खरं आहेच, फक्त इतिहास तिच्या घराण्यापासून सुरू होत नाही.

प्रश्न : चिकानो, लॅटिनो, हिस्पॅनिक, मेक्सिकन-अमेरिकन... नेमकं काय म्हणायचं? चुकीचं बोललं तर कोणी दुखावेल का? — एक वाचक

समोरचा स्वतःला जे म्हणवतो ते. एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं. बाकी थोडक्यात, हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषिक जगाशी नातं असलेले आणि लॅटिनो म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतलं असलेले, त्यामुळे ब्राझीलच्या माणसाला लॅटिनो म्हणता येईल पण हिस्पॅनिक नाही आणि स्पेनच्या माणसाचं बरोबर उलटं. चिकानो मात्र फक्त मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांसाठी आणि तेही सगळ्यांसाठी नाही. आधी तो हिणकस शब्द समजला जायचा, १९६० च्या दशकात तरुण पोरांनी तोच छाती काढून मिरवायला सुरुवात केली. त्यामुळे ज्यांच्या तोंडी तो शब्द असतो त्यांच्या बोलण्यात राजकारण असतंच, आणि त्यांच्याच घरातल्या आजीला तो अजिबात आवडत नाही असंही सर्रास दिसतं.

सरकारी फॉर्मचा घोळ वेगळाच. १९३० च्या जनगणनेत 'मेक्सिकन' हा चक्क एक वंश म्हणून छापला होता, त्यावर ओरड झाली, मेक्सिको सरकारनेही निषेध केला आणि १९४० मध्ये तो रकाना गेला. सगळ्यांच्या फॉर्मवर हिस्पॅनिक मूळ विचारणारा प्रश्न आला तो १९८० साली. २०२० च्या मोजणीत हे लोक ६.२१ कोटी निघाले, म्हणजे देशाच्या १८.७ टक्के, आणि त्यात सर्वात मोठा गट मेक्सिकन वंशाचाच.

प्रश्न : मी वाचलं की कायद्याने मेक्सिकन लोक गोरेच धरले जायचे. मग त्यांना वेगळ्या शाळा आणि वेगळी वागणूक कशी काय? — कायद्याची एक विद्यार्थिनी

खूप चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर सविस्तरच द्यायला पाहिजे. तेव्हाच्या कायद्यात परदेशी माणसाला नागरिक व्हायचं तर तो गोरा असायला लागायचा (१८७० नंतर आफ्रिकन वंशाचे लोकही). १८४८ च्या तहाने मेक्सिकन लोकांना नागरिकत्व दिलेलं, म्हणजे ते गोरे, असा तर्क. कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरंच. हॉटेलांवर 'मेक्सिकनांना इथे वाढलं जात नाही' अशा पाट्या लागायच्या आणि कोर्टात गेलं की सांगितलं जायचं, अहो तुम्ही तर गोरेच, मग भेदभाव झालाच कुठे?

हा पेच कसा फुटला ते दोन खटल्यांत दिसतं.

पहिला कॅलिफोर्नियातला. ऑरेंज काउंटीतल्या वेस्टमिन्स्टर गावात गोन्झालो आणि फेलिसितास मेंडेस या जोडप्याने एक शेत भाड्याने घेतलं. ते शेत मुनेमित्सु या जपानी-अमेरिकन कुटुंबाचं, ज्यांना दुसऱ्या महायुद्धात सरकारने उचलून ॲरिझोनातल्या पोस्टनच्या छावणीत टाकलं होतं. मुलांची आत्या सगळ्या पोरांना घेऊन जवळच्या शाळेत नाव घालायला गेली. तिची स्वतःची मुलं उजळ रंगाची आणि आडनाव फ्रेंच वाटावं असं, त्यांना प्रवेश मिळाला, आणि भावाच्या सावळ्या, मेंडेस आडनावाच्या मुलांना सांगितलं की तुमची शाळा वेगळी आहे, तिकडे जा. आत्याने आपल्याही मुलांची नावं घातली नाहीत, सगळ्यांना घेऊन घरी आली. मेंडेस आणि आणखी चार कुटुंबांनी चार शाळा-जिल्ह्यांवर दावा ठोकला. १९४६ मध्ये ते जिंकले, १९४७ मध्ये अपिलातही जिंकले, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने वेगळ्या शाळांना परवानगी देणारी उरलीसुरली कलमं रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. गव्हर्नरचं नाव अर्ल वॉरन. हे नाव लक्षात ठेवा. आणि हेही की फेलिसितास पोर्तो रिकोची होती, गोन्झालो मेक्सिकोचा. मुलांना नाकारताना शाळेने हा फरक विचारला नव्हता.

दुसरा टेक्सासचा, हर्नांडेस विरुद्ध टेक्सास. जॅक्सन काउंटीत एका शेतमजुरावर खुनाचा खटला चालला. त्याच्या मेक्सिकन-अमेरिकन वकिलांनी मुद्दा काढला की या काउंटीत गेल्या २५ वर्षांत एकही मेक्सिकन आडनावाचा माणूस ज्युरीत बसलेला नाही. सरकारी पक्ष म्हणाला, ज्युरीत गोरे आहेत, आरोपी गोरा, तक्रार कसली? मग पुरावा म्हणून काय आलं, तर त्याच कोर्टाच्या आवारातले संडास. पुरुषांचे दोन होते. एकावर काहीच लिहिलेलं नाही, आणि दुसऱ्यावर इंग्रजीत 'कलर्ड मेन' आणि त्याखाली स्पॅनिशमध्ये 'ओम्ब्रेस आकी', म्हणजे पुरुषांनी इथे. जो माणूस कोर्टात गोरा होता तो कोर्टाच्या आवारात कोणत्या दारातून आत जाणार हे त्या पाटीने ठरवून टाकलेलं. ३ मे १९५४ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला की चौदाव्या घटनादुरुस्तीचं समान संरक्षण फक्त काळे आणि गोरे एवढ्यापुरतं नाही, त्या भागात जो गट वेगळा पाडला जातो त्यालाही ते लागू आहे. संडासाच्या पाटीचा उल्लेख निकालपत्रात आहे. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश अर्ल वॉरनच, आणि शाळांमधली वंशभेदी फारकत बेकायदा ठरवणारा प्रसिद्ध ब्राउन खटल्याचा निकाल त्यांनीच बरोबर दोन आठवड्यांनी, १७ मे ला दिला. ब्राउन सगळ्यांना माहीत असतो. हर्नांडेस मात्र अमेरिकेतही बऱ्याच शिकलेल्या लोकांना माहीत नसतो, आणि आम्हाला याचं खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : मेक्सिकन मजुरांना अमेरिकेतून सामूहिकरीत्या परत पाठवण्याचे प्रकार आधीही झाले होते का? — एक निवृत्त बँक कर्मचारी

झाले होते. १९३० च्या दशकात मंदीत गोऱ्यांना काम नाही म्हणून मेक्सिकन लोकांना रेल्वेत, ट्रकमध्ये भरून सीमेपलीकडे धाडलं गेलं. २६ फेब्रुवारी १९३१ ला लॉस एंजेलिसच्या ला प्लासिता नावाच्या चौकात दुपारी लोक बसलेले असताना पोलिसांनी बाहेर जायच्या वाटा अडवल्या आणि सुमारे ४०० जणांना कागद दाखवा म्हणून धरून ठेवलं. त्या दशकात गेलेल्यांची संख्या लाखांत आहे आणि त्यात प्रचंड मोठा वाटा अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणजे जन्माने अमेरिकन नागरिक असलेल्या मुलांचा होता, ज्यांनी मेक्सिको पाहिलासुद्धा नव्हता. कॅलिफोर्नियाने यासाठी २००५ मध्ये कायदा करून माफी मागितली.

आणि मग दहा वर्षंही होत नाहीत तोच युद्ध सुरू झालं, शेतात हात कमी पडले, आणि १९४२ मध्ये त्याच मेक्सिकोशी करार करून मजूर मागवले. ब्रासेरो कार्यक्रम म्हणतात त्याला. तो १९६४ पर्यंत चालला आणि त्यात ४५ लाखांहून जास्त कंत्राटं झाली (एकच माणूस अनेकदा जायचा, त्यामुळे माणसं तेवढी नाहीत). सीमेवर या मजुरांना उघडं करून तपासायचे, अंगावर डीडीटी फवारायचे. पगारातून कापलेली बचतीची रक्कम कित्येकांना कधी मिळालीच नाही. काम हवं पण माणूस नको, हे तेव्हापासून चालत आलेलं आहे.

प्रश्न : सेसार चावेस हे अमेरिकेचे गांधी असं ऐकलंय. कितपत खरं? — एक शिक्षक

चावेस हे कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांचे नेते, आणि ते स्वतः गांधीजींचा प्रभाव उघड मान्य करायचे. १९६८ साली द्राक्षमळ्यांच्या संपात काही लोक हिंसेकडे झुकायला लागले तेव्हा त्यांनी २५ दिवस उपास केला, तो सुटला तेव्हा शेजारी सिनेटर रॉबर्ट केनेडी बसले होते. १९६६ ला द्राक्षमळ्यांचं गाव डिलॅनो ते राज्याची राजधानी सॅक्रामेंटो अशी साडेपाचशे किलोमीटरच्या आसपासची पदयात्रा काढली, पुढे ग्वादालूपेच्या माउलीचा (मेक्सिकोची लाडकी मेरीमाता) झेंडा, मागे शेतमजूर. आपल्याला हे सगळं ओळखीचं वाटणारच.

पण 'अमेरिकेचे गांधी' म्हटलं की एक मोठी गोष्ट झाकली जाते. तो द्राक्षमळ्यांचा संप चावेसने सुरूच केला नव्हता. ८ सप्टेंबर १९६५ ला तो सुरू केला फिलिपिनो मजुरांनी, लॅरी इटलिऑन्ग हा त्यांचा नेता. मळेवाल्यांचा जुना डाव असा की फिलिपिनो संपावर गेले की मेक्सिकन आणायचे आणि मेक्सिकन गेले की फिलिपिनो. इटलिऑन्गने चावेस आणि दोलोरेस वेर्ता यांच्या संघटनेला सांगितलं की या वेळी एकत्र या, आणि १६ सप्टेंबरला, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी, डिलॅनोच्या चर्चमध्ये जमलेल्या मजुरांनी ठरवलं की जायचं. पाच वर्षं लागली. देशभरच्या गृहिणींनी द्राक्षं घेणं बंद केलं तेव्हा कुठे जुलै १९७० मध्ये मळेवाल्यांनी करार केले. मळ्यांशी वाटाघाटी करण्याचं बरंचसं काम वेर्ताबाईंनी केलं, 'सी से प्वेदे', म्हणजे होऊ शकतं, ही घोषणाही त्यांचीच, १९७२ ची. तरी वर्षानुवर्षं फोटोत एकच चेहरा राहिला.

आणि चावेसच्या उणिवा पण आहेत, संघटनेने ७० च्या दशकात कागद नसलेल्या मजुरांविरुद्ध घेतलेली भूमिका आज त्यांच्याच लोकांना बोचते.

या लढ्यातली आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र एक अवजार आहे. एल कोर्तितो, आखूड दांड्याची कुदळ, दांडा जेमतेम हातभर. लेट्यूसची रोपं विरळ करायला ती वापरायला लावायचे. लांब दांड्याची कुदळ दिली तर मजूर उभा आहे की काम करतोय ते लांबून कळत नाही, आखूड असली की वाकलेला तो काम करणारा आणि उभा दिसला तो कामचुकार, मुकादमाला बांधावरून एका नजरेत हिशोब लागतो. दिवसभर कमरेत दुमडून चालायचं, वर्षानुवर्षं. तिशी-चाळिशीत पाठीचे मणके गेलेले. डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, मजुरांचे वकील राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ती कुदळ बंद झाली. त्याच वर्षी शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा कायदाही झाला.

प्रश्न : चिकानो चळवळ म्हणजे फक्त शेतमजुरांचीच का? शहरातल्या तरुणांचं काय? — पत्रकारितेचा विद्यार्थी

शहरातल्या तरुणांनीच तर तिला ते नाव दिलं. मार्च १९६८ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसच्या शाळांमधून हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. मागण्या काय होत्या बघा : आमचा इतिहास शिकवा, आमच्यातले शिक्षक नेमा, स्पॅनिश बोललं म्हणून शिक्षा करू नका, शिक्षा म्हणून झाडूपोछा करायला लावू नका, आणि प्रत्येक मेक्सिकन पोराला कॉलेजऐवजी शिवण नाहीतर गॅरेजच्या वर्गाकडे ढकलू नका. लिंकन हायस्कूलचे सॅल कास्त्रो हे मास्तर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, १३ जणांवर कट केल्याचे आरोप लागले, त्यात कास्त्रोही. त्यांची नोकरी गेली, मग मुलं आणि पालक शिक्षण मंडळाच्या सभागृहात ठाण मांडून बसले आणि त्यांना परत घ्यावं लागलं.

पुढच्या वर्षी डेन्व्हरला देशभरचे चिकानो तरुण जमले आणि त्यांनी अस्तलानचा जाहीरनामा मांडला. अस्तलान म्हणजे आस्तेक (ॲझ्टेक) लोकांची पुराणातली मूळ भूमी, ती याच नैर्ऋत्य अमेरिकेत होती असं त्यांनी मानलं. इतिहास म्हणून ते सिद्ध करता येत नाही आणि पुढे त्यावर टीकाही झाली, विशेषतः बायकांनी विचारलं की या सगळ्या वीरांच्या चित्रांत आम्ही कुठे आहोत. पण ज्या पोरांना शाळेत रोज ऐकवलं जायचं की तुम्ही इथले नाही, त्यांना पाय ठेवायला एक जागा हवी होती हे समजून घ्यायला हवं.

२९ ऑगस्ट १९७० चा दिवस सगळ्यात दुःखाचा. व्हिएतनाममध्ये चिकानो पोरं लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा जास्त मरत होती, त्याविरुद्ध ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये वीस हजारांहून जास्त माणसं मोर्चाने लगुना पार्कला जमली, लहान मुलं, म्हातारी माणसं, गाणी चाललेली. पोलिसांनी पार्क रिकामं करायला लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. रुबेन सालाझार हा मोठा पत्रकार, याच समाजाबद्दल लॉस एंजेलिस टाइम्समध्ये लिहिणारा, सिल्व्हर डॉलर नावाच्या बारमध्ये टेकला होता, शेरीफच्या माणसाने बाहेरून आत झाडलेलं अश्रुधुराचं नळकांडं त्याच्या डोक्याला लागलं आणि तो तिथेच गेला. कोणावरही खटला चालला नाही. त्या पार्कला आता सालाझारचं नाव आहे. तुम्ही पत्रकारिता शिकताय म्हणून मुद्दाम सांगतो, त्याचं जुनं लिखाण शोधून वाचा.

त्याच वर्षी सॅन डिएगोत एक गोष्ट मात्र चांगली झाली. बॅरिओ लोगन या मेक्सिकन वस्तीच्या मधून आधी हायवे नेला, मग कोरोनाडोचा पूल, घरं पाडली, आणि पुलाखाली बाग देऊ म्हणाले होते. २२ एप्रिल १९७० ला तिथे बुलडोझर आले, बागेसाठी नाही, हायवे पोलिसांच्या ठाण्यासाठी. एका विद्यार्थ्याने ते बघितलं, बोंब मारली, आणि बायका-पोरांनी बुलडोझरसमोर साखळी केली. १२ दिवस जागा सोडली नाही, स्वतःच फावडी घेऊन झाडं लावली. ती चिकानो पार्क. पुलाचे खांब पुढे चित्रांनी भरून काढले, आणि २०१६ मध्ये देशाने तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ केलं.

प्रश्न : पंजाबी आणि मेक्सिकन लोकांची लग्नं झाली होती म्हणे. अफवा की खरं? — एक वाचक

खरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात गेलेल्या पंजाबी शेतकऱ्यांना आशियातून येणाऱ्यांना रोखणाऱ्या १९१७ च्या कायद्यामुळे इकडून बायका नेता येईनात, आणि त्या राज्यात गोऱ्या बाईशी लग्न करायला कायद्याने बंदी. इम्पीरियल व्हॅलीत कापूस वेचायला क्रांतीतून पळून आलेली मेक्सिकन कुटुंबं होती. लग्नाचा परवाना देणारा कारकून दोघांचा रंग बघायचा, सारखाच दिसतोय म्हणायचा आणि शिक्का मारायचा. अशी काहीशे कुटुंबं झाली. मुलांचं पहिलं नाव स्पॅनिश, आडनाव सिंग, बोली आईची, धर्मही बहुतेक वेळा आईचाच. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भारतीयांना नागरिकत्व नाकारल्यावर परदेशी माणसांच्या जमीन-मालकीवर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा त्यांच्यावर सरळ लागू झाला, तेव्हा काही बापांनी जमिनी या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावावर केल्या.

प्रश्न : उड्या मारणाऱ्या गाड्यांचे रील्स सारखे दिसतात. हा नुसता शौक की यात संस्कृती वगैरे आहे? — कॉलेजमधला एक मुलगा

दोन्ही. लोरायडर म्हणतात त्या गाड्यांना. युद्धानंतर हातात थोडा पैसा आला, जुन्या शेव्हरोले स्वस्तात मिळायच्या, बाकीची पोरं गाडी वेगात पळवण्याच्या मागे आणि ही पोरं उलट गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली आणि जितकी हळू तितकी शान. सुरुवातीला डिकीत वाळूची पोती टाकायचे. मग कॅलिफोर्नियाने कायदा केला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली नको. त्यावर रॉन अगिरे नावाच्या तरुणाने १९५९ मध्ये विमानाच्या जुन्या सामानातले हायड्रॉलिक पंप गाडीला बसवले, बटण दाबलं की गाडी वर, पोलीस गेला की परत खाली. उड्या त्यातूनच आल्या.

रंगकाम जवळून बघा कधी. 'जिप्सी रोज' नावाची १९६४ ची शेव्हरोले इम्पाला आहे, गुलाबी, आणि अंगभर हाताने काढलेली गुलाबाची फुलं, थरावर थर रंगाचे आणि लॅकरचे. रविवारी अख्खं कुटुंब त्यात बसून ईस्ट लॉस एंजेलिसच्या व्हिटियर बुलवार्ड या रस्त्यावर रेंगाळायचं. तरी पोलिसांच्या लेखी लोरायडर म्हणजे गुंडटोळी, बऱ्याच शहरांनी रेंगाळण्यावरच बंदी घातली, आणि कॅलिफोर्नियाने त्या सगळ्या बंद्या राज्यभर उठवल्या त्या थेट १ जानेवारी २०२४ पासून.

प्रश्न : क्यूबा, पोर्तो रिको, एल साल्वादोर, मेक्सिको हे सगळे स्वतःला एक समजतात का? आणि सिंको दे मायो हा यांचा स्वातंत्र्यदिन ना? — दोन वाचकांचे प्रश्न एकत्र

दुसऱ्याचं आधी. नाही. ५ मे म्हणजे १८६२ मध्ये पुएब्ला इथे मेक्सिकोने फ्रेंच फौजेला हरवलं तो दिवस, स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबर.

पहिल्याचं उत्तर, कधी एक, कधी अजिबात नाही. पोर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात, १९१७ पासून तिथली माणसं अमेरिकन नागरिक, त्यांना व्हिसाचा प्रश्नच नाही, पण बेटावर राहत असतील तर राष्ट्राध्यक्षाला मत देता येत नाही. क्यूबातून १९५९ नंतर आलेल्यांचं अमेरिकेने स्वागत केलं, १९६६ मध्ये खास कायदा करून कायम राहायचा मार्ग दिला. आणि ८० च्या दशकात एल साल्वादोरच्या यादवीतून पळून आलेल्यांचे आश्रयाचे अर्ज धडाधड फेटाळले गेले, कारण तिथल्या लष्करी सरकारला अमेरिकाच पैसे पुरवत होती. तिघेही घरी स्पॅनिश बोलतात पण दरवाजा तिघांसाठी वेगवेगळा उघडला, मग राजकारण एकसारखं कसं असेल? शिवाय काळे लॅटिनो आहेत, मेक्सिकोतल्या ओआहाकाहून आलेले मिश्तेक आणि झापोतेक हे मूळनिवासी मजूर आहेत ज्यांची मातृभाषा स्पॅनिश नाहीच.

प्रश्न : माझा एक मेक्सिकन-अमेरिकन सहकारी आहे, आडनाव स्पॅनिश पण भाषा येत नाही, आणि त्याला त्याची लाज वाटते. असं का? — आयटीतली एक वाचक

त्याच्या आजी-आजोबांना विचारा, म्हणजे तो विचारेल तर बरं. टेक्सास, कॅलिफोर्निया, ॲरिझोनात शाळेत स्पॅनिश बोललं की छडी, दंड, नाहीतर सुटीनंतर डांबून ठेवणं, हे १९६० च्या दशकापर्यंत सर्रास चालायचं. ज्यांनी तो मार खाल्ला त्यांनी ठरवलं की आपल्या पोरांना यातून जायला लावायचं नाही, आणि घरातही इंग्रजीच सुरू केली. आता नातवाला एका बाजूने गोरे विचारतात तू खरा कुठला आणि दुसऱ्या बाजूने मेक्सिकोतले नातेवाईक हसतात की याला बोलताही येत नाही. त्यात त्याचा काय दोष? भाषा त्याने टाकलेली नाही, त्याच्यापर्यंत पोचूच दिली नाही. त्याला एवढं जरी कोणी समजून सांगितलं तरी खूप होईल, आणि शिकायची असेल तर चाळिशीतही येते.

प्रश्न : हे सगळं तिथल्या शाळांत शिकवतात का? — एक पालक

काही ठिकाणी, भांडून मिळवलंय तिथे. ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये मेक्सिकन-अमेरिकन इतिहासाचे आणि साहित्याचे वर्ग चांगले चालले होते, मुलं शाळेत टिकायला लागली होती. २०१० मध्ये राज्याने कायदा करून असे वर्ग बंद पाडायची सोय केली, आणि २०१२ च्या जानेवारीत शिक्षकांच्या डोळ्यांदेखत वर्गातली पुस्तकं खोक्यांत भरून नेली. विद्यार्थी कोर्टात गेले. २०१७ मध्ये न्यायाधीश वॉलेस ताशिमा यांनी निकाल दिला की ही बंदी वंशद्वेषातून आणली होती आणि घटनेविरुद्ध आहे. ताशिमा स्वतः लहानपणी पोस्टनच्या छावणीत होते, ज्या छावणीत मुनेमित्सु कुटुंब होतं तीच. दरम्यान एका जुन्या, शाळांमधल्या फारकतीच्या खटल्यातल्या आदेशामुळे टूसॉनमध्ये २०१३ पासून त्याच धर्तीचे वर्ग दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू झाले होते.